मुंगी चावल्यासारखं

मराठी माणसाशी आयुष्यात सगळ्यात पहिलं खोटं कोण बोलत असेल, तर डॉक्टर. तेही आईच्या मांडीवर बसवून आणि आईच्या पूर्ण संमतीने.

"काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चार वर्षांचा असेन. तोवर मला मुंग्या दोन-चारदा चावून झाल्या होत्या, त्यामुळे या विषयातला माझा अनुभव डॉक्टरांपेक्षा ताजा होता. मुंगी येते तेव्हा स्पिरिटचा वास येत नाही. मुंगीला आधी स्टीलच्या डबीत घालून उकळावं लागत नाही. चावण्याआधी ती हवेत एक पिचकारी उडवून बघत नाही. आणि मुंगी चावावी म्हणून घरातली चार माणसं आपले हातपाय धरून बसलेली मी तरी पाहिली नव्हती.

आज मी छपन्न वर्षांचा आहे. दोन वेळा सोसायटीचा सेक्रेटरी होऊन जिवंत बाहेर आलो आहे, म्हणजे भीती अशी फारशी उरलेली नाही. पाल, अंधार, उंची, वार्षिक सर्वसाधारण सभा, सगळं चालतं. सुई चालत नाही. बायको ब्लाउजला हूक लावायला बसली की मी पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. कोविडच्या काळात तर माझे फारच हाल झाले. बातमी कुठलीही असो, पडद्यावर एक दंड आणि त्यात शिरणारी सुई. वर्षभर मी बातम्या नुसत्या ऐकल्या, ताटाकडे बघत. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर सरकारने आधी सहा ते आठ आठवडे केलं आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे, तेव्हा देशभर लोकांनी शंका काढल्या. मला मात्र दोन्ही वेळा सरकार माझ्या पाठीशी उभं असल्यासारखं वाटलं.

भीतीचं मूळ लहानपणात आहे. गावात 'देवी काढायला आलेत रे' अशी आरोळी उठली की पोरं उंदरांसारखी पांगत. कुणी माळ्यावर, कुणी गोठ्यात. मी कणगीत लपलो होतो. भाताच्या धुळीने शिंक आली आणि घात झाला. दंडावरचा तो देवीचा वण अजून आहे. पुढे १९७७ साली भारतातून देवीचा रोग गेल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यामागे किती माणसांनी किती वणवण केली याची मला कल्पना नव्हती. देवी काढणारे आता यायचे नाहीत, एवढंच कळलं, आणि मी दोन दिवस उड्या मारत होतो.

बरं, या टोचाटोचीची सुरुवात आपल्याकडे झाली तीही मुंबईतच. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. मग तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून आणखी पाच मुलांना टोचली. त्या पोरीला मुंगी कुठल्या भाषेत सांगितली असेल कोण जाणे. पण सांगितली असणारच.

तर असा मी, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला केनियाला जायचं ठरलं तेव्हा सिंहांना अजिबात घाबरलो नाही. मसाई मारा, लाखोंच्या कळपाने नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, उघड्या टपाची गाडी, सगळ्याला मान डोलावली. टूर कंपनीतल्या मुलीने पैसे भरून घेतले, पावती फाडली, आणि उठता उठता म्हणाली, "सर, बाकी काही नाही. फक्त एक यलो फीव्हरचं इंजेक्शन."

मी परत बसलो. 'फक्त' आणि 'इंजेक्शन' हे शब्द एका वाक्यात आले की माझे गुडघे मला विचारत नाहीत.

"सिंह बघायला इंजेक्शन कशाला?"

"जायला नाही हो सर. परत यायला."

ही गंमत मला नवीन होती. पिवळा ताप, म्हणजे पीतज्वर, आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस डास आपल्याकडे भरपूर. दिवसाढवळ्या चावणारा, डेंग्यू देणारा तोच हा. म्हणजे खोली झाडून, दिवा लावून तयार आहे. भाडेकरू तेवढा यायचा बाकी. म्हणून सरकार याबाबतीत फार कडक. त्या देशांतून येताना लस घेतल्याचं पिवळं पुस्तक जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. थोडक्यात, सिंहाच्या घरी जायला आडकाठी नाही, स्वतःच्या घरी यायला दंड दाखवावा लागतो. हा दंड पावतीचा नव्हे, खांद्याखालचा.

सहा दिवस म्हटल्यावर माझ्या मनात हिशेब सुरू झाला. सहा दिवस स्वतंत्र खोली, वेळेवर जेवण, ऑफिसचा फोन नाही. वाईट काय आहे? बायकोने माझ्या चेहऱ्यावरची बेरीज वाचली.

"खुशाल राहा तुम्ही. मी घरी जाईन. किल्ली माझ्याकडेच असते."

मेहुण्याला ही बातमी लागायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. हा पुण्यात असतो, रोज जिममध्ये जातो आणि त्याच्या दंडाचा घेर माझ्या मांडीएवढा आहे. फोनवर तो हसत सुटला. "अहो भावोजी, रोज सकाळी डोंबिवलीहून लोकलने जाणारा माणूस तुम्ही! सुईला काय घाबरता? मुंगी चावल्यासारखं असतं!"

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात सल्ल्यांचं लसीकरण चाललं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडे बघू नका, दुसऱ्या बाजूला बघा." शेजारच्या काकूंनी रामरक्षा सांगितली. बायकोने योगवर्गातला मंत्र दिला: दीर्घ श्वास घ्यायचा, अंग सैल सोडायचं, आपण शवासनात आहोत असं समजायचं. मागच्या वेळी मी शवासन समजण्यापर्यंत थांबलो नव्हतो, प्रत्यक्षच केलं होतं. दवाखान्याच्या फरशीवर.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "ही भीती जरा वेगळ्या जातीची आहे. कुत्रा अंगावर आला तर माणसाचा रक्तदाब वाढतो. रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्याचा आधी वाढतो आणि मग एकदम खाली येतो. म्हणून कुत्र्याला घाबरणारे पळतात आणि सुईला घाबरणारे पडतात."

छपन्न वर्षांत माझं इतकं नेमकं निदान कुणी केलं नव्हतं. मी भित्रा नव्हतो, माझा रक्तदाब भित्रा होता.

"आणि अंग सैल सोडू नका," ते म्हणाले. "त्याने रक्तदाब आणखी उतरेल. उलट करा. मुठी आवळा, दंड, पोट, मांड्या, सगळं घट्ट करा. दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम होईपर्यंत. मग सोडा. वीस-तीस सेकंद थांबा. परत. असं पाच वेळा. घरी सराव करा, म्हणजे तिथे जमेल." लार्स-योरान ओस्ट नावाच्या एका स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ही युक्ती रुळवली म्हणे. स्वीडनमध्ये कुणीतरी माझा विचार करत होतं, या कल्पनेनेच मला भरून आलं.

सराव मी लोकलमध्ये सुरू केला. तिथे निम्मं अंग आपोआपच आवळलेलं असतं, त्यामुळे कष्ट कमी. ठाण्यापर्यंत दोन वेळा छान जमलं. तिसऱ्या वेळी मुठी वळल्या, पोट आत, मांड्या घट्ट, चेहरा तापून लाल. समोरचा गृहस्थ काळजीने माझ्याकडे बघत होता. हळूच पुढे वाकून म्हणाला, "काका, दादर अजून लांब आहे. जमेल ना?"

मी कुर्ल्याला उतरून डबा बदलला.

त्या पंधरा दिवसांत मला आजीची फार आठवण आली. आजी सांगायची, पंढरपूरच्या यात्रेला जायचं तर आधी कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे. दाखला दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. म्हणजे प्रवासाची लस ही काही विमानाबरोबर आलेली गोष्ट नव्हे. आमच्या घरात ती तुळशीमाळेबरोबर आलेली आहे. आजी नऊवारीचा पदर सावरून रांगेत उभी राही, दंड पुढे करी आणि 'पुंडलिक वरदा' म्हणे. तिला सुईपलीकडे विठोबा दिसत असे. मला सुईपलीकडे सुईच दिसते.

कॉलऱ्याची ती लस शोधणारे व्लादिमिर हाफकिन. १८९२ साली त्यांनी ती स्वतःलाच टोचून पाहिली. पुढे मुंबईत प्लेगने माणसं पटापट मरत होती तेव्हा भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्या रस्त्याने जाताना पूर्वी मी नुसता बोर्ड वाचत असे, आता मान खाली घालतो. त्या माणसाने एका आयुष्यात दोन महामारींच्या लसी आपणहून टोचून घेतल्या, आणि मी एका लशीसाठी एका स्वीडिश मानसशास्त्रज्ञाला, दोन डॉक्टरांना आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशांना कामाला लावलं.

ठरलेल्या दिवशी मुंबईतल्या एका सरकारी केंद्रावर पोचलो. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि एकदा पाणी घालून कालवली की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून बोलावतात. अळूवडीचा घाणा काढावा तसा प्रकार. बाकावर आमचा घाणा बसलेला होता. मर्चंट नेव्हीत निघालेली चार-पाच पोरं, टांझानियात दुकान असलेलं एक गुजराती कुटुंब, युगांडाला निघालेल्या दोन नन, आम्ही दोघं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दंतवैद्याच्या दारात आणि परीक्षेच्या हॉलबाहेर असते तसली शांतता.

माझ्या शेजारी नेव्हीतला एक दांडगा पोरगा होता. डाव्या मनगटापासून खांद्यापर्यंत हातभर टॅटू: नांगर, लाटा, एक ऑक्टोपस. तो पाय इतका हलवत होता की सगळा बाक हलत होता.

"घाबरलास?" मी मोठेपणाने विचारलं.

"हो ना काका."

"अरे, एवढा हात गोंदवून घेतलास, तेव्हा किती सुया लागल्या असतील!"

"ती गोष्ट वेगळी, काका," तो म्हणाला. "ती सुई माझी होती."

मी गप्प बसलो. या विषयावर एवढं शहाणं वाक्य मी कुठल्याच डॉक्टरांकडून ऐकलं नव्हतं.

आत एक डॉक्टर फॉर्म भरून घेत होते. वय? छपन्न. साठीच्या पुढच्यांना ही लस जरा जास्त विचार करून देतात, असं ते म्हणाले. आपण चार वर्षांनी तरुण आहोत याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मग पुढचा प्रश्न आला.

"अंड्याची ॲलर्जी?"

माझ्या मनात आशेचा दिवा लागला. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंडं ज्याला बाधतं त्याला ती सहसा देत नाहीत. मी आवाजात शक्य तितकं सोवळेपण आणून म्हणालो, "आमच्याकडे अंडं चालत नाही."

"चालत नाही की सोसत नाही?"

आता डॉक्टरांशी खोटं बोलायचं नसतं. मुंगीच्या बाबतीत ते बोलले तरी आपण बोलायचं नसतं.

"सोसतं," मी म्हणालो. "ऑफिसच्या कँटीनमध्ये... आम्लेट... कधी कधी."

तीस वर्षांच्या संसारात बायकोने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. सुई लागण्याआधीच मला टोचलं ते असं.

"कधी कधी म्हणजे?" तिने विचारलं. डॉक्टरांनी फॉर्मवर घाईघाईने सही केली.

टोचायच्या खोलीत एक परिचारिका होती, तिशीतली, केस घट्ट बांधलेले. तिच्या हालचालीत भाजी निवडणाऱ्या बाईची सफाई होती. मी खुर्चीत बसलो, बाही वर केली, मुठी आवळल्या, पोट, मांड्या, सगळं. चेहरा तापला. ती थांबली.

"काका, काय होतंय?"

"स्वीडन," मी दातांमधून म्हणालो.

तिने पुढे विचारलं नाही. सरकारी नोकरीत माणसांनी सगळं पाहिलेलं असतं. "फक्त हा डावा हात सैल सोडा. बाकी काय आवळायचं ते आवळा," ती म्हणाली. मी डोळे मिटले आणि त्या वाक्याची वाट बघू लागलो. इतकी वर्षं ऐकत आलो ते वाक्य आता येणार.

आलं नाही.

"दुखेल," ती म्हणाली. "दोन सेकंद. मोजा."

मी चमकून डोळे उघडले. माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मी 'एक' म्हणालो. दुखलं. जेवढं सांगितलं होतं तेवढंच दुखलं. ना एक पैसा जास्त, ना कमी. 'दोन' म्हणेपर्यंत दंडावर कापूस होता आणि ती म्हणत होती, "अर्धा तास बाहेर बसा. पुढच्याला पाठवा."

अर्धा मिलिलिटर. लहान चमच्याच्या दहाव्या भागाएवढं औषध. त्यामागे घानातल्या असिबी नावाच्या एका रुग्णाकडून १९२७ साली मिळालेला विषाणू, त्याला माणसाळवण्यासाठी माक्स थायलर यांनी खर्चलेली वर्षं, १९३७ साली तयार झालेली लस आणि १९५१चं नोबेल. आणि अलीकडे मी, मुठी आवळून.

पिवळ्या पुस्तकावर शिक्का बसला. दहाव्या दिवसापासून लागू, आणि कायमचं. पूर्वी दर दहा वर्षांनी ही लस परत घ्यावी लागे. जुलै २०१६ पासून एकदाच, आयुष्यभरासाठी. 'आयुष्यभर' हा शब्द मला लग्नातसुद्धा एवढा गोड वाटला नव्हता. हे मी बोलून दाखवलं नाही. आम्लेटचं प्रकरण अजून ताजं होतं.

बाहेर बाकावर टॅटूवाला पोरगा पाय वर करून आडवा पडला होता आणि ननबाई त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी त्याला मुठी आवळायला शिकवलं.

मसाई माराला सिंह दिसले. झोपलेले होते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगण्यासारखं घडलं ते तिसऱ्या संध्याकाळी, नदीकाठच्या तळावर. नुकताच पाऊस पडून गेला होता. मी चपला घालून तंबूबाहेर उभा राहून सूर्यास्त बघत होतो, आणि एकाएकी घोट्याला कुणीतरी पकड लावून पिरगाळल्यासारखं झालं. मग पोटरीला. मग आणखी वर. मी सूर्यास्त सोडून नाचू लागलो. आमचा गाइड धावत आला, "पोले, पोले साना!" करत. स्वाहिलीत 'पोले' म्हणजे 'वाईट वाटलं हो'. मला ते मराठीतलं 'पोळले' वाटलं, आणि तेच जास्त बरोबर होतं.

मुंग्या होत्या. सियाफू. जमिनीवरून दोरखंडासारखी त्यांची रांग चालली होती आणि मी बरोबर तिच्यावर उभा होतो. गाइडने एकीचं अंग ओढून काढलं, तर डोकं जबड्यासकट माझ्या पोटरीला तसंच लटकून राहिलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, यांचा जबडा इतका पक्का, की जुन्या काळी जखम शिवायला लोक टाक्यांऐवजी या मुंग्या लावत.

म्हणजे मुंगी आणि सुई एकच, हे डॉक्टर सांगत होते ते खरंच होतं. फक्त देश चुकला होता.

त्या रात्री तंबूत पोटरीला मलम लावता लावता मी हिशेब मांडला. सुई: दोन सेकंद, आधी सांगून, मागून कापूस. मुंगी: न सांगता, अकरा ठिकाणी, आणि वर नाच. इंजेक्शन जर खरंच मुंगी चावल्यासारखं असतं, तर मी आफ्रिकेला कधीच गेलो नसतो.

परत आलो तेव्हा मुंबई विमानतळावर आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी मी पिवळं पुस्तक छातीशी धरून उभा होतो. अधिकाऱ्याने ते घेतलं, उघडलं, मिटलं, परत दिलं. तीन सेकंद. मी तिथेच उभा राहिलो. त्याने काहीतरी विचारावं असं वाटत होतं. निदान कुठल्या हाताला, एवढं तरी.

"झालं, काका. चला पुढे."

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. मेहुणा. जानेवारीत मित्रांबरोबर टांझानियाला चाललाय. आवाज इतका बारीक, की आधी ओळखूच येईना; बाथरूममधून बोलत होता बहुतेक.

"भावोजी, ताईला सांगू नका. पण ते इंजेक्शन... खरं सांगा. मुंगी चावल्यासारखंच असतं ना?"

छपन्न वर्षांनी माझी पाळी आली होती. मी ठरवलं, आपण कुणाशी खोटं बोलायचं नाही. त्या परिचारिकेसारखं सरळ सांगायचं.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मुंगी चावल्यासारखं मुळीच वाटत नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अगदी खोल गेलेला आवाज आला.

"म्हणजे... त्याहून जास्त?"

"मुठी आवळ," मी म्हणालो. "आधी मुठी आवळ."